‘नाही’ म्हणता येत नसेल तर जाब कसला?

युगांडातल्या एखाद्या खेड्यातल्या सरकारी दवाखान्यासमोर सकाळी अचानक गाडी येऊन उभी राहते. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी २००९ मध्ये थेट आपल्या कार्यालयाखाली नेमलेल्या आरोग्य तपासणी पथकाची ही गाडी. सोबत पोलीस, आणि पुष्कळदा टीव्हीचा कॅमेरा. हजेरीपट तपासला जातो, औषधांची खोकी मोजली जातात आणि एखाद्या नर्सला किंवा दवाखान्याच्या प्रमुखाला सगळ्यांदेखत गाडीत घातलं जातं. संध्याकाळच्या बातम्यांत ते दिसतं आणि लोकांना बरं वाटतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथले डॉक्टर संपावर गेले तेव्हा पगारवाढीसोबत हे पथक बरखास्त करा, हीसुद्धा त्यांची मागणी होती. मराठी वाचकाला इथे नांदेड आठवेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली आणि मग एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांनाच शौचालय साफ करायला लावलं. ते चित्र देशभर फिरलं. औषधांची खरेदी कुठे अडली आणि पदं कोणी रिकामी ठेवली, हे प्रश्न त्या चित्रामागे दिसेनासे झाले.

अमेरिकेने २०२५ च्या सुरुवातीला परदेशी मदतीला कात्री लावल्यापासून आफ्रिकी देशांच्या आरोग्यव्यवस्थेवर जो वाद चालू आहे, तो या दोन दृश्यांसारखाच आहे. एका बाजूचे म्हणतात, मदत आटली, आता तिथल्या डॉक्टर-नर्सनी नेतृत्व दाखवावं, त्यासाठी त्यांना प्रशिक्षण द्या. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, प्रशिक्षण पुष्कळ झालं, आता शिस्त लावा. बायोमेट्रिक हजेरी, अचानक तपासणी, निलंबन. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती म्हणजे दोष खालच्या टोकाला आहे. एक त्याला शिकवून सुधारणार, दुसरा दरडावून. मला हे साप सोडून भुई धोपटणं वाटतं. आफ्रिकी देशांमधल्या आरोग्य-व्यावसायिकांमध्ये नेतृत्व नाही असं नाही. ते दाखवणाऱ्याचं पुढे काय होतं, हे बाकीच्यांनी पाहिलेलं आहे. चुकीच्या हुकुमाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार आणि ते म्हटल्यावर नोकरी, परवाना आणि जीव शाबूत राहील एवढी खात्री ज्याला नाही, त्याच्याकडून उत्तरदायित्व मागता येत नाही. फार तर त्याला बळीचा बकरा करता येतो.

पण आधी पांढऱ्या कोटाची बाजू जिथे लंगडी आहे तिथे ते कबूल करायला हवं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांच्या एका पाहणीत आधी न कळवता दवाखान्यांना भेटी दिल्या गेल्या. युगांडात ३७ टक्के आरोग्य-कर्मचारी जागेवर नव्हते. (भारतात ४०. ‘आफ्रिकेत असंच चालतं’ म्हणण्याआधी हा आकडा जवळ ठेवलेला बरा.) सकाळी सरकारी दवाखान्यात सही करून दुपारी स्वतःच्या क्लिनिकमध्ये बसणारे डॉक्टर लागोसपासून लुसाकापर्यंत आहेत. सरकारी साठ्यातली औषधं बाहेर विकली जातात. बाळंतिणींवर हात उगारला जातो. भत्ता मिळणाऱ्या कार्यशाळेसाठी दवाखाना आठवडाभर वाऱ्यावर सोडला जातो, आणि ही कार्यशाळा कधीकधी ‘नेतृत्वविकासा’चीच असते. वैद्यक परिषदा आपल्या माणसाला सांभाळून घेतात. तेव्हा ‘डॉक्टरांवर विश्वास ठेवा, ते स्वतःच स्वतःला शिस्त लावतील’ हे म्हणणं मला मान्य नाही. व्यवसायाने स्वतःला शिस्त लावण्याचा सगळ्यात काळाकुट्ट दाखला आफ्रिकेतलाच आहे.

सप्टेंबर १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथमध्ये पोलिसांच्या ताब्यात असलेले वर्णद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको यांना तपासायला जिल्हा शल्यचिकित्सक आयव्हर लँग यांना बोलावलं गेलं. मेंदूला मार बसलेला तरुण बेड्यांत पडलेला होता. लँगनी दाखला लिहून दिला: काहीही वावगं आढळलं नाही. त्यांचे वरिष्ठ बेंजामिन टकर यांनी पुढे बिकोंना प्रिटोरियाला न्यायला मुभा दिली. हजार किलोमीटरहून लांबचा तो प्रवास बिकोंनी लँड रोव्हरच्या मागच्या भागात, नग्नावस्थेत केला आणि १२ सप्टेंबरला ते गेले. दोन्ही डॉक्टर सुशिक्षित होते आणि त्या काळच्या दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या सरकारी डॉक्टरांना कशाचीच वाण नव्हती. वैद्यक परिषदेने प्रकरण पाहिलं आणि चौकशीसारखं काही नाही म्हणून फाइल मिटवली. फ्रान्सिस एम्स, फिलिप टोबायस, ट्रेफर जेन्किन्स, युसुफ वेरियावा असे मोजके डॉक्टर आपल्याच परिषदेविरुद्ध न्यायालयात गेले. १९८५ मध्ये ते जिंकले, मग टकर यांचं नाव नोंदवहीतून काढलं गेलं आणि लँगना समज देण्यात आली. पुढे १९९१ मध्ये टकर यांनी माफी मागितली. आपण पोलिसांच्या इतके जवळ गेलो होतो की डॉक्टर म्हणून असलेलं स्वातंत्र्य हरवून बसलो, अशा अर्थाची ती कबुली होती.

या गोष्टीला एक पुरवणी आहे, आणि माझ्या मते ती मूळ गोष्टीइतकीच मोलाची आहे. त्याच १९८५ सालात, त्याच पोर्ट एलिझाबेथमध्ये, त्याच लँग यांच्या हाताखाली वेंडी ऑर नावाची पंचविशीतली डॉक्टर काम करत होती. कैद्यांच्या अंगावरचे वळ ती रोज नोंदवत होती आणि नोंदींचं पुढे काहीच होत नव्हतं. तिने प्रतिज्ञापत्र केलं, सर्वोच्च न्यायालयाच्या स्थानिक पीठापुढे गेली आणि पोलिसांनी कैद्यांना मारहाण करू नये असा मनाई हुकूम मिळवला. कार्यालय एक, वरिष्ठ एक, पदवीही एक. मग फरक कशाचा? नुसत्या धैर्याचा म्हटलं तर विषयच संपतो, कारण धैर्याची भरती काढता येत नाही. फरक असाही होता की ऑरच्या पाठीशी मानवी हक्कांचे वकील उभे राहिले आणि तिचं म्हणणं ऐकणारं न्यायासन सापडलं. परिषदेवर विसंबली असती तर तिचीही फाइल मिटली असती.

हे वर्णद्वेषी राजवटीचं झालं. लोकशाहीत असं होत नाही, असं कोणी म्हणेल. म्हणून लाइफ एसिडिमेनीची गोष्ट. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या गाउटेंग प्रांताच्या आरोग्य विभागाने ठरवलं की दीर्घकालीन मनोरुग्णांना सांभाळणाऱ्या या संस्थेशी असलेला करार संपवायचा. कारणं दोन दिली गेली: खर्च कमी करायचा, आणि रुग्णांना मोठ्या संस्थांच्या भिंतींतून काढून समाजात आणायचं. दुसरं कारण ऐकायला इतकं पुरोगामी की विरोध करणाऱ्यालाच अपराधी वाटावं. मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आधीच लेखी इशारा दिला होता. नातेवाईक आणि रुग्णहक्क संघटना न्यायालयात गेल्या. तरीही २०१६ च्या पूर्वार्धात पंधराशेच्या वर रुग्ण घाईघाईने हलवले गेले, काही उघड्या गाड्यांतून, पुष्कळ जण कागदपत्रांशिवाय. ज्या २७ स्वयंसेवी संस्थांमध्ये रुग्णांना धाडलं, त्यांपैकी एकीचाही परवाना वैध नव्हता, असा निष्कर्ष आरोग्य लोकपाल मालेगापुरू माखोबा यांनी २०१७ मध्ये काढला. भुकेने, थंडीने, तहानेने, चिघळलेल्या जखमांनी माणसं मेली. निवृत्त उपसरन्यायाधीश डिकगांग मोसेनेके यांच्यासमोरच्या लवादाने १४४ मृत्यू मोजले.

त्या सुनावणीतले जबाब वाचताना अंगावर काटा येतो, तो क्रौर्यामुळे नव्हे. खरं तर खूनशी म्हणावं असं त्यात कोणी नाही. विभागप्रमुख डॉक्टर होते. खालचे अधिकारी वैद्यकीय आणि नर्सिंगची पार्श्वभूमी असलेले. बहुतेकांचं म्हणणं एकच: निर्णय वरून आला होता, प्रांताच्या आरोग्यमंत्री केदानी माहलांगू यांना विरोध करायची भीती वाटत होती. म्हणजे रुग्ण जगणार नाहीत हे ओळखण्याइतकं ज्ञान त्या इमारतीत होतं, पण त्या ज्ञानाला मंत्र्यासमोर उभं राहायला जागा नव्हती. बिकोंच्या दाखल्यापासून अडतीस-एकोणचाळीस वर्षांनी, मतदान करून निवडलेल्या सरकारात, जगातल्या सर्वांत उदार मानल्या जाणाऱ्या घटनेखाली तोच प्रकार. जुलै २०२४ मध्ये न्यायालयीन चौकशीने नऊ मृत्यूंसाठी माहलांगू आणि मानसिक आरोग्य संचालनालयाच्या प्रमुख मानामेला यांना जबाबदार धरलं. नऊ, एकशे चव्वेचाळीसपैकी. या सगळ्यांना नेतृत्वाचा कोणता अभ्यासक्रम दिला असता म्हणजे हे टळलं असतं?

दक्षिण आफ्रिकेवर मी मुद्दाम रेंगाळतो आहे. तिथे जास्त पाप होतं म्हणून नव्हे. तिथे लोकपाल आहे, न्यायालयं आहेत, पत्रकार आहेत, म्हणून कागद बाहेर येतात. पण कागद बाहेर काढणाऱ्याचं काय होतं? बबिता देवकरण डॉक्टर नव्हत्या. गाउटेंगच्याच आरोग्य विभागात हिशेबाच्या वरिष्ठ अधिकारी होत्या. टेंबिसा रुग्णालयातले सुमारे ८५ कोटी रँडचे संशयास्पद व्यवहार त्यांनी उघडकीला आणले आणि आपल्या जिवाला धोका असल्याचं वरिष्ठांच्या कानावर घातलं. २३ ऑगस्ट २०२१ ला मुलीला शाळेत सोडून त्या घरी परतल्या आणि दारातच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा त्या देशात २००० पासून आहे. तेव्हा ‘कायदा करा म्हणजे झालं’ हा माझ्या बाजूचा सोपा युक्तिवादही मला वापरता येत नाही. संरक्षण म्हणजे कायद्याचं कलम नव्हे. तक्रार आली त्या दिवशी कोण हललं, हे संरक्षण.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये हिशेब मांडला होता: जगातल्या एकूण आजारपणाचा २४ टक्के भार आफ्रिकेवर आणि आरोग्य-कर्मचारी जगातले ३ टक्के. २०१४ मध्ये एबोलाची साथ आली तेव्हा चाळीस लाखांच्या लायबेरियात डॉक्टर होते पन्नासच्या आसपास. एप्रिल २००१ मध्ये नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात, आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अर्थसंकल्पाचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करू असं वचन दिलं. ते सातत्याने पाळणारे देश बोटांवर मोजण्याएवढे. ही टंचाई खोटी म्हणणारा माणूस एकतर त्या वॉर्डात गेलेला नाही किंवा निगरगट्ट आहे. पण एसिडिमेनी घडलं ते दक्षिण आफ्रिकेच्या सर्वांत श्रीमंत प्रांतात. आणि टंचाईचा जाब तरी कोण कोणाला विचारतं? नायजेरियाचे तत्कालीन अध्यक्ष बुहारी २०१७ मध्ये शंभराहून अधिक दिवस उपचारांसाठी लंडनमध्ये होते. २०२५ मध्ये त्यांचा मृत्यूही लंडनमध्येच झाला. झिम्बाब्वेचे अध्यक्ष मुगाबे सिंगापूरला गेले, झांबियाचे अध्यक्ष साटा लंडनला. ज्याला आपल्या देशाच्या खाटेवर कधी झोपायचं नाही, त्याला त्या खाटेच्या गादीबद्दल विचारणार कोण?

विचारायचा एक मार्ग उरतो, संप. केनियाच्या डॉक्टरांशी सरकारने २०१३ मध्ये लेखी करार केला आणि पाळला नाही. ५ डिसेंबर २०१६ ला सुरू झालेला संप शंभर दिवस चालला. मधल्या काळात संघटनेच्या नेत्यांना तुरुंगात टाकलं गेलं. शंभर दिवस सरकारी रुग्णालयं ओस, खासगीत जायला पैसे नसलेल्यांचे हाल. संपाचं उदात्तीकरण मी करणार नाही. पण सही केलेला करार मोडणाऱ्या मंत्र्याला कोणत्या पथकाने कॅमेऱ्यासमोर गाडीत घातलं? झिम्बाब्वेने यावर तोडगा काढला: २०२३ च्या सुरुवातीला कायदा करून आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या संपावर ७२ तासांची मर्यादा घातली. नायजेरियाच्या संसदेत त्याच वर्षी विधेयक आलं की पाच वर्षं देशात काम केल्याशिवाय डॉक्टरला पूर्ण परवानाच द्यायचा नाही. तोंड उघडायचं नाही आणि दार उघडून जायचंही नाही. याला उत्तरदायित्व म्हणतात.

आणि रवांडा? हा मुद्दा टाळला तर लेख अप्रामाणिक ठरेल. तिथे तर हुकूम वरूनच येतो. जिल्ह्यांचे महापौर थेट राष्ट्राध्यक्षांसमोर ‘इमिहिगो’ म्हणजे कामगिरीच्या करारावर सही करतात, उद्दिष्टं चुकली तर पद जाऊ शकतं. आणि २००० मध्ये लाख जन्मांमागे हजारावर असलेले मातामृत्यू २०२० पर्यंत दोनशेच्या आसपास आले. कोणत्याही लोकशाहीवाद्याला खाली बघायला लावणारी ही घट आहे. मात्र तिथे हुकुमामागोमाग इतर गोष्टीही खाली पोहोचल्या: आरोग्यविमा, औषधं, कामगिरीनुसार दवाखान्याला मिळणारे पैसे, आणि गावकऱ्यांनी स्वतः निवडलेले हजारो आरोग्यसेवक-सेविका. २०२४ च्या सप्टेंबरात मारबर्ग या एबोलासारख्या विषाणूची साथ आली तेव्हा ६६ रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्णालयांतलेच कर्मचारी होते. आकडे जाहीर होत राहिले आणि १५ मृत्यूंवर साथ रोखली गेली. ज्या देशांनी यातलं फक्त दरडावणं उचललं, त्यांच्या हाती काय लागलं ते युगांडात दिसतं. शिवाय वरच्या माणसाच्या इच्छेवर चालणारी शिस्त वरचा माणूस आहे तोवरची असते. तो चुकला तर काय, याचं उत्तर इमिहिगोत नाही.

‘लोकांनाच जाब विचारू द्या’ हा पर्याय मला मनापासून आवडतो, पण त्याचाही पुरावा मिश्र आहे. युगांडात ५० दवाखान्यांवर एक प्रयोग झाला. गावकऱ्यांना त्यांच्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक दाखवलं, कर्मचाऱ्यांसोबत बसवलं, आणि वर्षभरात बालमृत्यू तिसऱ्या हिश्शाने घटल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळे हरखले. मग ३७६ केंद्रांवर तोच प्रयोग मोठ्या प्रमाणात झाला, आणि बालमृत्यूंवर परिणाम जवळपास दिसलाच नाही. या दोन निकालांवर अर्थशास्त्रज्ञ खल करोत. महाराष्ट्रात २००७ पासून चाललेल्या लोकाधारित देखरेखीच्या जनसुनवायांत बसलेल्या माणसाला एक उत्तर सुचेल: पीएचसीतल्या सिस्टरला लोक विचारतात, इंजेक्शन का नाही? ती सांगते, वरून आलं नाही. तिचं खरं असतं. ज्या जनसुनवाईत तालुक्याचा, जिल्ह्याचा अधिकारी समोर बसलेला असतो, तिथे प्रश्न पुढे सरकतो. तो नसेल तर सिस्टर आणि गावकरी एकमेकांवर ओरडून घरी जातात.

म्हणून मला मोठ्या आराखड्यांपेक्षा दोन-तीन रुक्ष गोष्टींत जास्त रस आहे. केनियात आरोग्यसेवा २०१३ पासून ४७ काउंटींकडे गेली आणि पुष्कळ ठिकाणी रुग्णालयाने जमवलेलं शुल्क काउंटीच्या तिजोरीत जाऊ लागलं. अधीक्षकाला जनरेटरच्या डिझेलसाठीही अर्ज करावा लागे. २०२३ च्या कायद्याने रुग्णालयांना आपलं उत्पन्न स्वतःकडे ठेवून खर्च करायची मुभा दिली. आता त्याच अधीक्षकाला डिझेलचा जाब विचारता येईल, त्याआधी विचारणं हा तमाशा होता. दुसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेचीच, उजेडातली. १९९७ पासून तिथे प्रत्येक मातामृत्यूची नोंद आणि गोपनीय चौकशी होते. कोणाचं नाव नाही, शिक्षा नाही. रक्त का मिळालं नाही, रुग्णवाहिका किती तासांनी आली, कोणत्या टप्प्यावर काय चुकलं, एवढंच. शिक्षेची भीती नसल्यामुळे माणसं खरं लिहितात, आणि पुष्कळदा ते खरं मंत्रालयाला टोचणारं असतं. चूक आणि गुन्हा यांत फरक करणारी ही चाळण आहे. गुन्ह्यासाठी दुसरी जागा हवी: मंत्र्याने नेमलेली नव्हे, नुसत्या डॉक्टरांनी भरलेलीही नव्हे, अशी परिषद. बिकोंच्या प्रकरणात नेमकी तीच नव्हती.

‘नाही’ म्हणायला जागा असेल आणि पाठीशी कोणी उभं असेल तर माणूस काय करू शकतो? २० जुलै २०१४ ला पॅट्रिक सॉयर हे लायबेरियन अधिकारी लागोस विमानतळावर कोसळले. सरकारी डॉक्टर संपावर असल्याने त्यांना एका खासगी रुग्णालयात नेलं. मलेरिया म्हणून दाखल झालेल्या या रुग्णाला एबोला असावा, अशी शंका डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्होह यांना आली. लायबेरियन अधिकाऱ्यांकडून दबाव आला: त्यांना एका बैठकीला जायचंय, सोडा, नाहीतर अपहरणाचा आरोप होईल. त्यांनी सोडलं नाही. रुग्णालय त्यांच्या मागे उभं राहिलं आणि सरकारने पोलिओसाठी उभारलेली यंत्रणा संपर्कशोधाला जुंपली. दोन कोटींच्या घरातल्या त्या शहरात हा माणूस मोकळा फिरला असता तर काय झालं असतं, ते गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तीन देशांतल्या ११ हजारांवर मृत्यूंवरून ताडता येतं. नायजेरियात २० रुग्ण, ८ मृत्यू. त्या आठांत १९ ऑगस्टला गेलेल्या अडाडेव्होह एक होत्या. त्याच ऑगस्टमध्ये नायजेरियाच्या सरकारने संपकरी निवासी डॉक्टरांना हजारोंच्या संख्येने कामावरून काढण्याचा आदेश काढला.

आणि ‘नाही’ कधीकधी समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत येतं. २०२२ च्या पावसाळ्यात गांबियात लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावू लागली. अबुबकर जाग्ने हे तिथले मूत्रपिंडतज्ज्ञ. ही नेहमीची साथ नाही, औषधं तपासा, असा धोशा त्यांनी लावला. ५ ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की हरियाणातल्या एका कंपनीच्या चार पातळ औषधांत विषारी डायएथिलिन ग्लायकॉल आणि एथिलिन ग्लायकॉल आढळलं. सत्तरच्या आसपास मुलं गेली होती. गांबियाने आपल्या औषध नियंत्रण संस्थेच्या प्रमुखांना घरी पाठवलं. भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं की आमच्याकडचे नमुने तपासले, त्यांत दोष नाही. पुढच्या वर्षी त्या मुलांच्या आईवडिलांनी गांबियाच्या राजधानीत, बांजूलच्या न्यायालयात दावा लावला. प्रतिवादींमध्ये त्यांचं स्वतःचं आरोग्य मंत्रालय आहे आणि हरियाणाची ती कंपनीही.